आपण इथले की उपरे?

पहिल्या सत्राच्या पहिल्या चाचणीत दोघांना १०० पैकी ३८ गुण पडतात. एकाच्या मनात येतं, ‘पेपर अवघड होता, पुढच्या वेळी बघू.’ दुसरी मनाशी म्हणते, ‘वाटलंच होतं, आपण इथं यायलाच नको होतं.’ गुण तेच, पण लावलेला अर्थ वेगळा. शंका विचारायला शिक्षकांच्या दारात कोण उभं राहणार आणि बाकामागून बाक मागे सरकत एक दिवस वर्गातून नाहीसं कोण होणार, हे बऱ्याच अंशी त्या अर्थावर ठरतं. उच्च शिक्षणातल्या आपलेपणावर गेली काही दशकं जे संशोधन चाललं आहे, ते मुळात हा अर्थ कुठून येतो याचा शोध आहे.

‘आपलेपणा’ हा शब्द जरा फसवा आहे. तो ऐकला की संस्था स्वागत समारंभ ठेवतात, टी-शर्ट वाटतात, भिंतीवर हसऱ्या चेहऱ्यांचं पोस्टर लावतात. डेव्हिड मॅकमिलन आणि डेव्हिड चॅव्हिस या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली समुदायभावनेचे चार घटक मांडले. आपण सभासद आहोत ही जाणीव, आपल्या बोलण्याने इथं काही हलतं हा अनुभव, गरजा भागणं आणि एकत्र घालवलेल्या दिवसांतून जुळलेलं नातं. स्वागत समारंभ यातल्या पहिल्याला जेमतेम शिवतो. दुसरा घटक तर सर्रास विसरला जातो. विद्यार्थ्याला सामावून घेतलं म्हणतात, पण त्याने विचारलेल्या प्रश्नाने तासाची दिशा कधी बदललेली नसते.

शिक्षण अर्धवट सोडणाऱ्यांबद्दल व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ साली मांडलेला विचार आजही पायाभूत मानला जातो. विद्यार्थी टिकतो की नाही हे अभ्यासात आणि माणसांत तो किती रुजतो यावर अवलंबून असतं, असं त्याचं सार. पुढे त्यावर टीका झाली ती रास्तच होती. रुजायची सगळी जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकली, तर घरचं, भाषेचं, समाजाचं जे आहे ते उंबऱ्याबाहेर सोडून ये, असं सांगितल्यासारखं होतं.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांचा २०११ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. अमेरिकेतल्या एका निवडक विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना सुमारे तासाभराचं काम दिलं गेलं. आधी वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांच्या पाहणीचे निष्कर्ष वाचायचे: सुरुवातीला आपण इथले नाही असं बहुतेकांना वाटलं होतं, ओळखी व्हायला वेळ लागला, आणि मग ते वाटणं ओसरलं. हे आपल्या बाबतीत कसं लागू पडतं यावर एक टिपण लिहायचं आणि तेच कॅमेऱ्यासमोर बोलून दाखवायचं. हे चित्रण पुढच्या वर्षी येणाऱ्यांना उपयोगी पडेल, असं त्यांना सांगितलं होतं. खरी मेख इथं आहे. कोणी त्यांना धीर देत नव्हतं, ते स्वतःच दुसऱ्यांना धीर देत होते. ‘तुला मदतीची गरज आहे’ हा सूर लागला असता, तर सगळा प्रयोग उलटू शकला असता.

हे काम केलेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेली गुणांतली तफावत पुढच्या तीन वर्षांत निम्म्यावर आली. प्रयोगानंतरच्या आठवड्यात विद्यार्थ्यांनी रोज भरलेल्या नोंदी याहून बोलक्या आहेत. वाईट दिवस हे टिपण लिहिलेल्या आणि न लिहिलेल्या, दोघांच्याही वाट्याला आलेच. फरक एवढाच, की ज्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी हे टिपण लिहिलं नव्हतं, त्यांचा आपलेपणा दिवस वाईट गेला की घसरायचा. लिहिलेल्यांचा दिवसाच्या चढउताराशी बांधलेला राहिला नाही. शिक्षण संपताना विचारलं, तेव्हा त्या तासाभरात नेमकं काय केलं होतं हे बहुतेकांना धड आठवतही नव्हतं.

या प्रयोगातले सहभागी शंभराच्याही आत होते. इतक्या लहान अभ्यासावर विसंबून चालत नाही. म्हणून २०२३ साली प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास महत्त्वाचा ठरतो. त्यात २२ संस्था आणि २६,९११ विद्यार्थी होते, आणि तेच काम प्रवेशाच्या आधी ऑनलाइन, छोट्या स्वरूपात करून घेतलं होतं. पहिलं वर्ष पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून पार करणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, पण सगळीकडे नाही. ज्या संस्थेत विद्यार्थ्याच्या सामाजिक गटाला आपलेपणा मिळायला प्रत्यक्षात वाव होता, तिथंच परिणाम दिसला. जिथं तो वाव नव्हता, तिथं ‘हळूहळू सगळं ठीक होतं’ हे वाक्य खोटं ठरत होतं, आणि खडकावर पेरल्यासारखं वाया गेलं. म्हणजे विद्यार्थ्याची समजूत घालण्याआधी वर्ग तपासायला हवा. वर्ग बिघडतो तो अगदी साध्या ठिकाणी.

सुरुवात नावापासून करू. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, जीवशास्त्राच्या एका मोठ्या वर्गातल्या अभ्यासात विद्यार्थ्यांसमोर नावाच्या पाट्या ठेवल्या गेल्या. इतर मोठ्या वर्गांत शिक्षकाला आपलं नाव माहीत असेल असं फक्त २० टक्के विद्यार्थ्यांना वाटत होतं, या वर्गात ७८ टक्क्यांना वाटलं. शिक्षकांना प्रत्यक्षात नावं ५३ टक्केच येत होती! म्हणजे पाठांतराचा पराक्रम लागत नाही, नावाने हाक मारली जाते हे दिसावं लागतं.

पाटी करायला जाड ए-फोर कागद आडव्या घड्या घालून तीन सारख्या भागांत दुमडायचा, म्हणजे त्रिकोणी तंबू उभा राहतो. नाव मार्करने, निदान चार सेंटिमीटर उंच अक्षरांत, पुढे आणि मागेही लिहायचं, कारण मागच्या रांगेतल्यांनाही ते कळायला हवं. हजेरीपटावरचं पूर्ण नाव नको. ज्या नावाने हाक मारलेली आवडेल ते. तास संपला की पाट्या रांगेनुसार गोळा करून ठेवायच्या, नाहीतर तिसऱ्या दिवशी निम्म्या घरी राहतात. ही युक्ती फसते ती दोन कारणांनी. एक तर बॉलपेनने लिहिलेलं नाव फळ्याजवळून वाचता येत नाही. दुसरं म्हणजे काही आठवड्यांनी पाट्या बंद होतात, आणि नेमके तेव्हाच पहिल्या चाचणीचे गुण हातात पडतात. उच्चाराची खात्री नसेल तर एकदाच, तासानंतर, त्या विद्यार्थ्यालाच विचारून यादीत तसा लिहून ठेवावा. सगळ्यांसमोर तीनदा चुकवून ‘तुझं नाव फारच अवघड आहे बुवा’ म्हटलं, की उपरेपणाचा शिक्का बसलाच.

मग माइक. ‘माझा आवाज मोठा आहे, माइक नको’ असं म्हणणारे वक्ते प्रत्येक संस्थेत असतात. मागून एखादा ‘ऐकू येतंय’ असं ओरडतो आणि विषय संपतो. ज्याला ऐकू येत नाही, त्याला तो प्रश्नच ऐकू गेलेला नसतो. आणि गेला असला, तरी भर वर्गात ‘मला कमी ऐकू येतं’ हे सांगायची वेळ त्याच्यावर येते. श्रवणयंत्राला जोडलेली यंत्रणा असेल तर ती माइकवरूनच चालते, वक्त्याच्या खड्या आवाजाचा तिला काही उपयोग नाही. म्हणून नियम साधा ठेवावा: माइक असेल तर तो वापरायचाच, कोणी न विचारता. बसल्या जागेवरून आलेला प्रश्न उत्तर देण्याआधी माइकवर पुन्हा सांगायचा. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही, कारण ओठ वाचणाऱ्याचं वाक्य तिथंच तुटतं. सोय मागावी लागली की ती उपकार होते. आधीच असेल, तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

प्रश्न विचारण्यातही असंच एक यंत्र दडलेलं आहे. मेरी बड रोव यांनी १९७०च्या दशकात शाळांतले विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित करून वेळ मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंद थांबत आणि मग स्वतःच उत्तर देत किंवा दुसऱ्याकडे वळत. ही वेळ तीन सेकंदांवर नेली, तेव्हा उत्तरं लांबली, न बोलणारे बोलू लागले आणि विद्यार्थ्यांकडून येणारे प्रश्न वाढले. थांबण्याच्या जागा दोन आहेत, एक प्रश्नानंतर आणि दुसरी उत्तरानंतर. दुसरी सगळेच विसरतात. उत्तर येताच ‘छान’ म्हणून पुढे गेलं, की बाकीच्यांचा विचार तिथंच थांबतो. महाविद्यालयाच्या वर्गातही घड्याळ लावून बघा, एक सेकंद किती लहान असतो ते कळेल. मनात पाच आकडे मोजायचे आणि पहिला हात वर येताच त्याला संधी न देता तिसऱ्या-चौथ्या हाताची वाट पाहायची. पहिला हात बहुधा रोज त्याच दोघातिघांचा असतो.

गटकामाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण आपलेपणा सर्वांत जास्त तिथं तयार होतो आणि सर्वांत जास्त मोडतोही तिथंच. यूरी ट्राइसमन यांनी १९७०च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात कलनशास्त्र (कॅल्क्युलस) शिकणारे २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी-अमेरिकी विद्यार्थी जवळून पाहिले. पहिल्या गटात नापासांचं प्रमाण फार होतं. सहकाऱ्यांचे अंदाज ठरलेले होते: जिद्द कमी, पाया कच्चा, घरून पाठबळ नाही. यातलं काहीच खरं निघालं नाही. हे विद्यार्थी सांगितला होता तेवढा अभ्यास इमाने करत होते, पण एकेकटे. दुसऱ्या गटातले आधी स्वतंत्र गणितं सोडवत आणि मग एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढत. एखादं गणित सगळ्यांनाच अडलं, की ते गणितच अवघड आहे हे कळे. एकट्याला अडलेलं गणित मात्र स्वतःच्या बुद्धीवरचा निकाल वाटतं. ट्राइसमन यांनी मग एकत्र अभ्यासाचे वर्ग सुरू केले, आणि तिथं नेहमीपेक्षा अवघड गणितं दिली. ‘कच्च्यांचा वर्ग’ अशी पाटी लागू दिली नाही. निकाल झपाट्याने सुधारले.

गट पाडताना एक चूक चांगल्या हेतूने होते. वर्गात मुली थोड्या असतील, तर ‘प्रत्येक गटात एक तरी’ म्हणून त्या वाटून टाकल्या जातात. कागदावर वैविध्य दिसतं, प्रत्यक्षात प्रत्येक गटात एकेक जण एकटी पडते. निलंजना दासगुप्ता आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनींना चौघांच्या गटांत बसवून पाहिलं. तीन मुली असलेल्या गटांत त्या सर्वांत जास्त बोलल्या, एकट्या असताना कमी. हेच इतर अल्पसंख्य गटांबाबतही गृहीत धरून चालायला हरकत नाही. पहिल्या वर्षी काही गट त्यांच्याविना राहिले तरी चालेल, पण ज्या गटात ते असतील तिथं निदान दोघं असू द्यावेत.

गट तीन-चार जणांचा, शिक्षकाने पाडलेला आणि चार-पाच आठवडे न बदलणारा असावा. ‘आपापले गट करा’ म्हटलं की दोन मिनिटांत उरलेले कोण हे सगळ्या वर्गाला दिसतं. लिहिणं, मांडणं, वेळ पाहणं आणि शंका काढणं ही चार कामं दर आठवड्याला फिरवायची. नाही फिरवली, तर लिहायचं काम एकीच्याच गळ्यात पडतं आणि मांडणारा एकच राहतो. गुणांचा काही भाग वैयक्तिक ठेवावा, नाहीतर एक राबतो आणि तिघे सह्या करतात.

अशा शिकवण्याने काय साधतं, याचा एकत्रित हिशेब २०२० साली निघाला. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी अभ्यासक्रमांत वंचित गटांची परीक्षेतल्या गुणांची तफावत ३३ टक्क्यांनी आणि उत्तीर्ण होण्यातली ४५ टक्क्यांनी कमी झाली. मात्र तासाचा बराचसा वेळ विद्यार्थी स्वतः काम करत होते, तिथंच. शेवटची पाच मिनिटं ‘चर्चा करा’ म्हणणाऱ्या वर्गांत काही हललं नाही.

लेखी अभिप्रायाबाबत कोहेन, क्लॉड स्टील आणि ली रॉस यांचा १९९९चा प्रयोग पाहण्यासारखा आहे. नुसती टीका केली तर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना ती पूर्वग्रहातून आल्यासारखी वाटली. आधी गोड बोलून मग टीका, यानेही पुरतं भागलं नाही. ‘इथली अपेक्षा उंच आहे, आणि तू तिथवर पोचशील असं तुझं लिखाण वाचून वाटतं’ हे दोन्ही एकत्र सांगितलं, तेव्हा टीकेवर विश्वास बसला आणि काम सुधारायची इच्छा वाढली. कौतुक उगाच उधळलं, तर ‘यांची माझ्याकडून अपेक्षाच कमी आहे’ असा अर्थ निघतो.

न सांगितलेले नियम हा आणखी एक अडसर. शिक्षकांच्या ‘भेटीच्या वेळे’त नक्की काय करतात, हे ज्याच्या घरात आधी कोणी पदवीला गेलेलं नाही त्याला कोण सांगणार? कित्येकांना वाटतं, ती शिक्षकांची स्वतःच्या कामाची वेळ, तेव्हा त्रास देऊ नये. पहिल्या तीन आठवड्यांत प्रत्येकाला तिघातिघांच्या गटाने दहा मिनिटं भेटायला बोलावलं, आणि त्याला एखादा गुण ठेवला, की दार उघडं आहे हे सांगावं लागत नाही. गृहपाठ देतानाही तीन गोष्टी लिहून द्याव्यात: हे कशासाठी, नेमकं काय आणि कोणत्या क्रमाने करायचं, आणि गुण कशावर पडणार. मेरी-ॲन विंकलम्स यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका सत्रातले केवळ दोन गृहपाठ असे सुधारले, तरी विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास आणि आपलेपणा वाढलेला दिसला. घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिलीच पिढी असलेल्यांना त्याचा जास्त फायदा झाला.

राहतं मोजमाप. वर्षाअखेरच्या पाहणीत आपलेपणाचा आकडा नेहमी बरा येतो, कारण ज्यांना तो वाटला नाही ते तोवर निघून गेलेले असतात. म्हणून पाहणी दोनदा घ्यावी, तिसऱ्या आठवड्यात आणि पहिल्या चाचणीचे गुण कळल्यानंतर. प्रश्न चार-पाच पुरेत, पण ठोस हवेत. ‘तुम्हाला इथं आपलं वाटतं का’ याबरोबर ‘एक तास बुडाला तर वही मागता येईल असा वर्गात कोणी आहे का’ हे विचारावं. सरासरी काढून थांबू नये, गटवार पाहावं. एखाद्या गटात दहाहून कमी जण असतील तर आकडा जाहीर करू नये, कोणी काय लिहिलं ते ओळखू येतं. आणि आलेल्या उत्तरांआधी न आलेली पाहावीत. पाहणी न भरलेल्यांची नावं त्या पंधरवड्याच्या हजेरीपटाशी लावून पाहिली, की दोन्हीकडे कोरी राहिलेली पाच-सात नावं समोर येतात. त्यांना फॉर्म पुन्हा पाठवू नये, फोन करावा.