मिनर्व्हाची ती ‘मूर्ती’ देव्हाऱ्यातली नाही

ब्रिटन आणि गॉलमधल्या (म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधल्या) रोमन वस्त्यांच्या जागी ब्राँझचे बोटभर उंचीचे अर्धपुतळे सापडतात. डोक्यावर तुऱ्याचं शिरस्त्राण, म्हणजे मिनर्व्हा देवी. ही देव्हाऱ्यातली किंवा नवसाला वाहिलेली मूर्ती, असं सर्रास सांगितलं जातं. यातल्या बऱ्याच पुतळ्यांबाबत ते खरं नाही.

अशा पुतळ्याच्या तळाशी नीट पाहा. तिथे एक खाच असते, कधी तिच्यात गंजाचे कण अडकलेले असतात. त्या खाचेत लोखंडी पातं बसवलेलं असे. शेकडो वर्षांत पातं गंजून गेलं, ब्राँझची मूठ टिकली आणि लोकांनी तिचीच मूर्ती करून टाकली!

हे अवजार लिहिण्याच्या कामातलं. रोमन लोक हिशेब, करार, शाळेतले धडे मेण भरलेल्या लाकडी पाट्यांवर लिहीत. लेखणीच्या टोकानं अक्षर कोरायचं आणि चुकलं, तर तिच्याच दुसऱ्या, चपट्या टोकानं पुसायचं. पण अख्खी पाटी कोरी करायची किंवा नवं मेण भरायचं, तर रुंद पातं हवंच. ते तापवून मेणावरून फिरवलं, की पृष्ठभाग उलथन्यानं सारखा केल्यासारखा सपाट होई.

मात्र धर्माचा काहीच संबंध नाही, असं म्हणणंही चूक ठरेल. मिनर्व्हा ही विद्येची आणि कारागिरीची देवी. 19 मार्चला तिचा सण सुरू होई. शाळांना सुट्टी मिळे, मुलं तिची प्रार्थना करत आणि गुरुजींना त्यांचा मोबदला मिळे. मुठीवर ती आली याच नात्यानं.