चार्ज उतरला, की बॅटरीच उतरली?

गणपती आटोपून कोकणातून मंडळी परतली की इलेक्ट्रिक मोटारसायकलवाल्यांची एक ठरलेली तक्रार ऐकू येते. "दहा दिवस गाडी सोसायटीत उभी होती. आल्या आल्या अपडेटचा मेसेज दिसला, मारलं अपडेट, आणि आता रेंज पडलीय." निकालही तिथल्या तिथे लागतो: अपडेटने बॅटरी खाल्ली. जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडीवर कव्हर टाकून ठेवणारे म्हणतात, उभ्या उभ्याच बॅटरी गेली. दोघांचंही बरोबर असू शकतं आणि दोघांचंही चुकीचं, कारण इथे दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ होते.

बॅटरीत आत्ता किती चार्ज आहे, ही एक गोष्ट. बॅटरीत मुळात किती चार्ज मावतो, ही दुसरी. सर्व्हिस सेंटरमध्ये पहिलीला एसओसी म्हणतात, दुसरीला एसओएच. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे, ते एसओसी. तळाशी गाळ बसून टाकीच किती लहान झालीय, ते एसओएच. डॅशबोर्डवरचा टक्का म्हणजे टाकीबाहेरचा काटा. तो अडकला तर दुरुस्त करता येतो. गाळ मात्र काटा बदलून निघत नाही, आणि बॅटरीतला तर कशानेच निघत नाही.

सेलमध्ये किती चार्ज उरलाय हे थेट मोजायची सोय नाही. पॅकमधलं बीएमएस, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणारं सर्किट, ते अंदाजाने काढतं: आत किती करंट गेला, बाहेर किती आला याचा हिशेब ठेवायचा आणि अधूनमधून व्होल्टेज पाहून तो पडताळायचा. निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या, म्हणजे एनएमसी सेलमध्ये हे बऱ्यापैकी जमतं. भरलेला सेल ४.२ व्होल्टला असतो आणि चार्ज उतरेल तसं व्होल्टेजही उतरत जातं. एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेटच्या सेलमध्ये पंचाईत होते. मधल्या मोठ्या पट्ट्यात व्होल्टेज ३.२-३.३ च्या आसपास ठाण मांडून बसतं. ७० टक्के आहे की ४०, हे नुसतं व्होल्टेज बघून सांगणं कठीण. ओबेन रॉरसारख्या गाडीत असा एलएफपी पॅक असतो. तो महिनोन्महिने ३० ते ८० च्या मध्येच खेळवला, तर हिशेबातली बारीकशी चूक साठत जाते. मग किंग्ज सर्कलला १८ टक्के आणि दादर टीटीला ६, असा धक्का बसतो.

अशी उडी दिसली तर मी पहिला संशय काट्यावर घेईन. झिजलेली बॅटरी सहसा उड्या मारत नाही; ती सगळ्याच टप्प्यांत थोडी थोडी लवकर संपते. पॅकमधला एखादा सेल कमजोर झाला असेल तर मात्र शेवटच्या टप्प्यात तोही असाच दगा देतो.

आता खऱ्या झिजेकडे. लिथियम-आयनची बॅटरी गाडी न चालवताही म्हातारी होत असते. सेलच्या ऋण बाजूवर एक पातळ थर चढत जातो आणि त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं. उष्णता असेल तर हे भरभर होतं, सेल पूर्ण भरलेला असेल तर आणखी भरभर. परदेशी गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये हिवाळ्यात गाडी कशी ठेवावी याच्या सूचना असतात, कारण शून्याखाली चार्जिंग केलं तर लिथियम धातूच्या रूपात साचून सेल बिघडतो. मुंबईत ती भीती नाही. आपल्याकडे घात होतो तो मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली १०० टक्के भरून, वर प्लगला तशीच लटकवून ठेवलेल्या गाडीचा.

"जाताना फुल करून ठेव, उतरेल ती उतरेल" हा सल्ला घरोघरी मिळतो. तो लेड-अ‍ॅसिडच्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी अगदी योग्य आहे, कारण ती अर्धवट ठेवली तर सल्फेट धरून खराब होते. लिथियमचं नेमकं उलटं. महिनाभर किंवा जास्त उभी ठेवायची तर ५०-६० टक्क्यांवर, सावलीत, प्लग काढून. आणि हो, अगदी ५ टक्क्यांवर सोडून जाणं तर त्याहून वाईट. गाडीतलं बीएमएस आणि सिमकार्डवालं ट्रॅकिंगचं युनिट थोडा थोडा चार्ज पीत राहतं. सेल फारच खाली गेला तर आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो, आणि असा सेल पुन्हा चार्ज करणं धोक्याचं असतं. दहा दिवसांच्या गावच्या फेरीसाठी मात्र एवढा जीव टांगणीला लावायचं कारण नाही. ७०-८० वर ठेवा आणि खुशाल जा.

घोळ वाढतो तो इथे: लांब मुक्कामाने झीज होते, पण काटाही चुकतो. ७२ व्होल्टच्या पॅकमध्ये वीसेक सेलगट एकामागोमाग जोडलेले असतात आणि पडून राहिले की त्यांच्यात थोडाफार फरक पडतो. बऱ्याच गाड्यांत हा फरक मिटवायचं काम चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यातच होतं. म्हणून परतल्यावर पहिल्या दिवशी दिसणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. एकदा १०० पर्यंत भरा, चार्जर आपणहून थांबेपर्यंत प्लग काढू नका, मग रोजच्यासारखी चालवत २० च्या आसपास आणा आणि पुन्हा पूर्ण भरा. बरेचदा अर्धी तक्रार इथेच मिटते.

मग अपडेटचा काय संबंध? बीएमएसचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, बदललं की टक्का काढायची पद्धत बदलू शकते. त्यामुळे काल ४० दिसणारी गाडी आज ३५ दाखवेल, आणि कदाचित आजचाच आकडा खरा असेल. दुसरं म्हणजे, वर-खाली किती चार्ज राखीव ठेवायचा, किती तापलं की वेग आवरायचा, हेही फर्मवेअरच ठरवतं. इथे गाडीवाल्यांचा संशय अगदीच हवेतला नाही. २०१९ मध्ये टेस्लाने एका अपडेटने काही मॉडेल एस गाड्यांच्या कमाल चार्जिंग व्होल्टेजला लगाम घातला आणि रेंज खरोखर घटली. मालक कोर्टात गेले आणि २०२१ मध्ये कंपनीने १५ लाख डॉलरवर तडजोड केली. याच कंपनीने २०१७ मध्ये इर्मा वादळाच्या वेळी फ्लोरिडातल्या काही गाड्यांची सॉफ्टवेअरने अडवून ठेवलेली क्षमता तात्पुरती मोकळी केली होती. सेल तेच, फक्त त्यातला किती भाग आपल्या हाती द्यायचा ते बदललं. म्हणून "अपडेटनंतर रेंज कमी झाली" हे खरं असू शकतं, पण त्यावरून "बॅटरी झिजली" असं ठरत नाही. आणि झिजलेली बॅटरी अपडेटने तरुण होईल, ही आशा तर सोडूनच द्या. (प्ले स्टोअरवरून मोबाइलच्या अ‍ॅपचं अपडेट मारून गाडीचं झालं असं समजणारेही आहेत. त्याने बीएमएसला काही फरक पडत नाही.)

अजून किती किलोमीटर जाईल, या डॅशबोर्डवरच्या आकड्याचं काय? तो एसओसीही नाही आणि एसओएचही नाही. बहुतेक गाड्यांत तो तुमच्या मागच्या चालवण्यावरून बांधलेला अंदाज असतो. ईस्टर्न फ्रीवेवर दामटलीत तर घटतो, भायखळ्याच्या ट्रॅफिकमधून रमतगमत आलात तर वाढतो.

बॅटरी खरंच किती उरलीय हे घरी तपासायचं असेल तर प्लगमध्ये लावायचा १६ अँपिअरचा युनिट-मीटर घ्या. रिव्होल्ट आरव्ही४०० चा पॅक ३.२४ युनिटचा आहे. १० टक्क्यांपासून १०० पर्यंत भरायला चार्जरमधली गळती धरून साधारण सव्वातीन ते साडेतीन युनिट लागतील. चार्जर किती गाळतो हे तुम्हाला ठाऊक नसतं, म्हणून कंपनीच्या आकड्याशी ताडण्यापेक्षा स्वतःच्याच जुन्या आकड्याशी ताडा. गाडी नवी असताना ३.३ आलेला आकडा आता २.७ येत असेल, तर क्षमता १८ टक्क्यांच्या आसपास घटलीय. फक्त वर सांगितलेली पूर्ण भरण्याची फेरी आधी करून घ्या. नाहीतर चुकलेल्या काट्यावरून टाकी मोजाल.

अपडेट कधी मारायचं? निघायच्या आदल्या रात्री तर नकोच. मुक्काम आणि अपडेट एकत्र आले की दोष कोणाचा ते कळत नाही. आधी मारलं तर चार-सहा दिवस चालवून बघायला वेळ ठेवा. नाहीतर परतून, पूर्ण भरून, मग मारा. त्याआधी डॅशबोर्डचा फोटो काढा: टक्का, किलोमीटर, सॉफ्टवेअरची आवृत्ती. तळघरातल्या पार्किंगमध्ये नेटवर्क नसतं, तेव्हा गाडी गेटपाशी आणा. गाडीत हॉर्न-लाइटसाठी १२ व्होल्टची वेगळी छोटी बॅटरी असेल आणि तीच लांब मुक्कामात बसली असेल, तर अपडेट मध्येच अडकू शकतं. तिच्याकडे आधी बघा.

एवढं करूनही आकडा कमी येत असेल तर सर्व्हिस सेंटर गाठा. तिथे "रेंज देत नाही" म्हणून सांगितलंत तर टायरची हवा तपासून परत पाठवतील. एसओएच किती आणि सगळ्यात जास्त व सगळ्यात कमी व्होल्टेजच्या सेलमध्ये फरक किती, हे दोन आकडे मागा. त्यांच्या लॅपटॉपवर दिसतात. वॉरंटी बऱ्याचदा ठरते ती एसओएचवर. एथर या स्कूटर कंपनीच्या एट-सेव्हंटी वॉरंटी योजनेत, उदाहरणार्थ, ८ वर्षं किंवा ८०,००० किलोमीटरपर्यंत किमान ७० टक्क्यांची हमी आहे. तुमच्या गाडीची अट वॉरंटीच्या कागदावर शोधा आणि मिळालेला आकडा तारखेसकट जॉब कार्डवर लिहून घ्या. "सगळं नॉर्मल आहे" या तोंडी उत्तरावर पुढे दावा लावता येत नाही.