वयपडताळणी, अतिवृद्धांची

११० किंवा त्याहून जास्त वर्षं जगलेल्या माणसाचं (लोकसंख्याशास्त्रात याला सुपरसेंटेनेरियन म्हणतात) सांगितलेलं वय खरं आहे का, हे कागदपत्रांवरून तपासायची पद्धत. गिनीज वर्ल्ड रेकॉर्ड्स, जेरोंटॉलॉजी रिसर्च ग्रुप आणि अलीकडची लाँजेव्हिक्वेस्ट अशा संस्था हे काम करतात, आणि संशोधकांसाठी इंटरनॅशनल डेटाबेस ऑन लाँजेव्हिटी हा वेगळा डेटा आहे. पोथ्यापुराणांतली वयं इथे धरलेली नाहीत, नाहीतर चौदाशे वर्षांच्या चांगदेवांना पहिला नंबर देऊन नोंद इथेच संपवावी लागेल.

संशय घ्यायची सुरुवात साधारण एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधे झाली असं मानतात. तिथला टॉमस पार १६३५ मधे वारला तेव्हा त्याचं वय १५२ सांगितलं जायचं, खुद्द विल्यम हार्वेने (रक्ताभिसरणवाला) त्याचं शवविच्छेदन केलं आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला पुरलं, पण जन्माचा कागद कुणी मागितलाच नाही. तो मागितला विल्यम थॉम्सने, १८७३ मधे. हा लोककथांचा अभ्यासक, त्यामुळे कथा कशी फुगते हे त्याला चांगलं माहीत असणार. शंभरीपुढचा प्रत्येक दावा पुराव्याशिवाय मानायचा नाही ही त्याची भूमिका आज सगळीकडे नियम म्हणून चालते.

पुरावा म्हणजे काय, तर जन्माच्या वेळचा किंवा निदान लहानपणीचा कागद, मधल्या वयातला एखादा (लग्न, जनगणना, नोकरी) आणि म्हातारपणीचा ओळखपत्रासारखा कागद. पण खरी गोम पुढे आहे. हे तिन्ही कागद अस्सल असले तरी ते एकाच माणसाचे आहेत हे वेगळं सिद्ध करावं लागतं. कॅनडात क्वेबेकमधल्या पिएर जूबेरचं वय ११३ म्हणून कित्येक वर्षं गिनीजमधे छापलं जात होतं, जन्म १७०१, मृत्यू १८१४, दोन्ही नोंदी खऱ्या. १९९० मधे युबेर शार्बोनो या संशोधकाने चर्चची रजिस्टरं उलगडून दाखवलं की बाप पासष्टाव्या वर्षीच गेला होता आणि १८१४ मधे वारला तो त्याच नावाचा मुलगा. दुसरा प्रकार मेलेल्या भावंडाच्या नावाचा. आधीचं मूल दगावलं की पुढच्याला तेच नाव ठेवायची रीत बऱ्याच समाजांत होती, आणि मग नोंद थोरल्याची, आयुष्य धाकट्याचं. जपानच्या तोकुनोशिमा बेटावरच्या शिगेचियो इझुमींचं १२० वर्षांचं रेकॉर्ड (मृत्यू १९८६) याच संशयाने गेलं, ते बहुधा १८८० च्या आसपास जन्मले असावेत असं आता बहुतेक जण धरतात आणि गिनीजनेही नंतर ते मान्य करणं सोडलं.

एवढी काटेकोरी कशाला, तर गणितासाठी. ११० नंतर दरवर्षी साधारण निम्मी माणसं जातात. समजा ११० वर्षांची १००० खरी माणसं आहेत, तर १११ ला ५००, ११२ ला २५०, असं करत १२० ला जेमतेम १ उरतो. आता या हजारात २० जण असे घुसवा की ज्यांचं खरं वय ९० च्या घरात आहे. ते ९० च्या दराने मरणार म्हणजे बरेच हळू, म्हणून जसजसं वर जाल तसतसे यादीत खरे कमी आणि खोटे जास्त. अगदी टोकाचं रेकॉर्ड हेच सगळ्यात संशयास्पद असतं ते यामुळे.

कॉकेशसचं प्रकरण प्रसिद्ध आहे, थोडक्यात सांगतो. अझरबैजानच्या शिराली मुस्लिमोव यांचं वय सोव्हिएत प्रचारात १६८ सांगितलं जायचं (मृत्यू १९७३). सोव्हिएत जीवशास्त्रज्ञ झोरेस मेदवेदेव यांनी १९७४ मधे लिहिलं की पहिल्या महायुद्धात भरती टाळायला किंवा सैन्यातून पळून आल्यावर कित्येकांनी बापाचे कागद वापरले, आणि स्टालिन जॉर्जियाचा असल्यामुळे तिकडच्या दीर्घायुष्याचं कौतुक वरूनच व्हायचं. इक्वेडोरमधल्या विल्काबांबा गावाची गोष्ट जास्त मजेशीर आहे. १९७९ मधे मॅझेस आणि फोरमन या संशोधकांनी तिथल्या नोंदी जुळवल्या तेव्हा शंभरी पार केलेला एकही निघाला नाही, सगळ्यात मोठा ९६ चा. तिथले एक गृहस्थ १९४४ मधे ६१ चे असताना ७० सांगत होते, पाच वर्षांनी ८०, आणि १९७४ मधे खरं वय ९१ असताना १२७! फसवणूक म्हणण्यापेक्षा म्हातारपणाला मिळणारा मान असं याला म्हणावं.

सगळ्यात मोठा वाद झान काल्माँ यांचा. फ्रान्समधल्या आर्ल गावात २१ फेब्रुवारी १८७५ ला जन्म, ४ ऑगस्ट १९९७ ला मृत्यू, वय १२२ वर्षं १६४ दिवस, आणि आजपर्यंत एवढं पडताळलेलं दुसरं वय नाही. झाँ-मारी रोबीन आणि मिशेल आलार या फ्रेंच संशोधकांनी त्या हयात असतानाच मुलाखती घेऊन आणि नोंदी, जनगणना तपासून ते मान्य केलं होतं. १९६५ मधे एका नोटरीने त्यांचं घर अशा कराराने घेतलं होतं की त्या जगतील तोवर दरमहा २५०० फ्रँक द्यायचे आणि मग घर त्याचं. बाई तेव्हा नव्वदच्या, सौदा फायद्याचा वाटला असणार. तो १९९५ मधे वारला तेव्हा घराच्या किमतीच्या दुपटीहून जास्त देऊन झालं होतं आणि हप्ते पुढे त्याच्या बायकोला भरावे लागले.

२०१८ च्या शेवटी मॉस्कोचे गणिती निकोलाय झाक आणि वार्धक्यतज्ज्ञ व्हॅलेरी नोवोसेलोव यांनी मांडलं की १९३४ मधे वारली ती लेक इव्हॉन नव्हे तर आईच, आणि वारसाकर वाचवायला लेक आईच्या नावावर जगत राहिली. तसं असेल तर १९९७ मधल्या बाई ९९ च्या. त्यांचे मुद्दे असे: १९३० च्या दशकातल्या ओळखपत्रावरची उंची १५२ सेंमी आणि शंभरीनंतरही उंची फारशी घटलेली नाही, फोटोंमधली चेहऱ्याची ठेवण लेकीशी जुळते, घरचे कागद-फोटो बाईंनी जाळायला लावले, जावई पुन्हा लग्न न करता सासूच्याच आधाराने राहिला, आणि शाळेत पोचवायला येणाऱ्या ज्या मोलकरणीचं नाव त्यांनी सांगितलं ती त्यांच्याहून वयाने लहानच निघाली.

रोबीन-आलार यांनी डेन्मार्क आणि स्वित्झर्लंडच्या सहकाऱ्यांसोबत २०१९ मधे उत्तर दिलं. आर्लसारख्या गावात काल्माँ म्हणजे मोठे दुकानदार, अंत्ययात्रेला मोठी गर्दी जमली होती, ५८ वर्षांच्या बाईच्या जागी ३६ ची लेक उभी राहिली तर कुणालाच कळू नये? शिवाय थेट वारसांना कर तेवढा भारी नव्हताच असंही ते दाखवतात. इव्हॉनला क्षय होता, लेजाँच्या सॅनेटोरियममधला तिचा फोटोही नंतर ओळखला गेला, म्हणजे तरुणपणी तिचं जाणं अनपेक्षित नव्हतं. सुट्या गोष्टी एकेक करून पाहिल्या तर झाक यांचे काही प्रश्न अजून टोचतात, मोलकरणीचा तर टोचतोच, पण शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची आठवण शंभरीपुढच्या माणसाने चुकवणं यात नवल नाही, आणि एकूण तोल रोबीन यांच्या बाजूला जास्त पडतो. बहुतेक लोकसंख्याशास्त्रज्ञही तसंच धरतात. पॅरिसमधल्या एका संशोधन संस्थेकडे बाईंचा जैविक नमुना आहे असं सांगितलं जातं आणि त्यातून निकाल लागू शकेल, कारण झान आणि त्यांचे पती दोन्हीकडून चुलत-मावस नात्यातले. दोघांचे वडिलांकडचे आजोबा भाऊ-भाऊ आणि आज्या बहिणी-बहिणी, म्हणून झानला खापरपणजोबा-पणजी १६, पण इव्हॉनला १२ च. हे डीएनएमधे दिसायला हवं.

आता सगळा वादच वेगळ्या पातळीवर गेलाय. सॉल न्यूमन या संशोधकाने २०१९ पासून मांडलंय की अतिवृद्ध जास्त कुठे सापडतात, तर जिथे गरिबी जास्त, आयुर्मान कमी आणि नोंदी खराब. अमेरिकेत राज्याराज्यांत जन्मदाखले सुरू झाले तसे सुपरसेंटेनेरियन ६९ ते ८२ टक्क्यांनी घटले असं त्यांचं मोजमाप. २०२४ मधे त्यांना इग नोबेल (आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) मिळालं. इटलीच्या सार्डिनिया बेटावरच्या अतिवृद्धांवर काम करणारे पुलाँ आणि पेस यांच्यासारखे लोक म्हणतात की आम्ही एकेक माणूस स्वतंत्र तपासलाय, सरसकट आकडे लावू नका, आणि यात तथ्य आहे. जपानचा दाखला इथे नेहमी देतात, तो जरा जपून घ्यावा. २०१० मधे टोकियोत १११ वर्षांचे समजले जाणारे आजोबा खोलीत तीसेक वर्षांपूर्वीच वारलेले सापडले, घरच्यांनी पेन्शन घेतली होती, मग देशभर तपासणी झाली आणि कोसेकी या कुटुंब-रजिस्टरात शंभरीपुढचे २ लाख ३४ हजार ३५४ बेपत्ता निघाले, त्यातले ८८४ तर दीडशेच्या पुढचे! पण कोसेकी म्हणजे राहत्या माणसांची यादी नव्हे, मृत्यू कुणी कळवला नाही की नाव तसंच राहतं, आणि देशाचं आयुर्मान त्यावरून काढत नाहीत.

आफ्रिका आणि इंडोनेशियातले दावे बहुतेक ओळखपत्रापलीकडे जात नाहीत. भारतात सक्तीची जन्मनोंद १९६९ च्या कायद्याने आली. त्याआधीचं महाराष्ट्रात शोधायचं तर कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, तेही मिळालं तर, मोडीत असलं तर वाचणारा मिळाला तर. शाळेच्या दाखल्यावरची तारीख मास्तरांची असते, म्हणूनच निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला आणि सरकारी कचेऱ्यांत ३१ मेला निरोपसमारंभांची रांग. जनगणनेतही वयं ५० ला, ६० ला, ७० ला ढिगाने सापडतात. वाराणसीचे योगसाधक स्वामी शिवानंद यांना २०२२ मधे पद्मश्री मिळाली तेव्हा पासपोर्टप्रमाणे वय १२५ होतं, स्वतंत्र पडताळणी झालेली नाही. २०११ मधे टोरोंटोची मॅरेथॉन शंभराव्या वर्षी पुरी करणाऱ्या फौजा सिंगांचंही रेकॉर्ड गिनीजने जन्मदाखल्याअभावी घेतलं नाही, पासपोर्टवर १ एप्रिल १९११ असूनही.

कागद भक्कम असलेलं आपल्याकडचं उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं, १८ एप्रिल १८५८ ते ९ नोव्हेंबर १९६२, म्हणजे १०४, शिक्षण-नोकरीचा माग सलग. तरुणपणी ते मुरुडहून सह्याद्री ओलांडून चालत परीक्षेसाठी साताऱ्याला गेले होते, आणि वय सतरा भरलेलं दिसत नाही म्हणून त्यांना बसू दिलं नव्हतं.