हेदरच्या डोंगरावरची वाट : हक्काची पार्श्वभूमी

स्कॉटलंडमधील ब्रेमारहून दक्षिणेकडे ग्लेन डॉलला उतरणारी ‘जॉक्स रोड’ ही पायवाट निर्जन उंच माळावरून जाते. ऑगस्टमध्ये हेदर नावाची खुरटी झुडपे फुलली की अशा डोंगरांचे उतार जांभळे होतात आणि चालणाऱ्याला वाटते, हा मुलूख पहिल्यापासून असाच मोकळा असावा. तसे मुळीच नाही.

हजारो वर्षांची जंगलतोड, चराई आणि ओलसर हवामान यांमुळे येथील झाडी हटली, पीटचे (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे) थर साचले आणि निकस, आम्लधर्मी जमिनीत तगणारी हेदर पसरली. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हायलंड्स या स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील जमीनदारांनी मेंढपाळीच्या नफ्यासाठी कुळांना हुसकावले. अनेक खोरी ओस पडली ती तेव्हा. एकोणिसाव्या शतकात शिकारीची चटक वाढली, १८५२ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा पती प्रिन्स अल्बर्ट याने बाल्मोरल ही इस्टेट विकत घेतल्यावर तिला प्रतिष्ठाही मिळाली. ज्याची शिकार होई त्या ग्राऊस पक्ष्याला खायला हेदरचे कोवळे शेंडे लागतात, तर लपायला जुनी उंच झुडपे. म्हणून पट्ट्यापट्ट्याने, आळीपाळीने हेदर जाळण्याची पद्धत रूढ झाली. उतारांवर दिसणारी फिकट-गडद ठिगळे ही त्याचीच खूण.

शिकारीत व्यत्यय नको म्हणून जमीनमालक वाटा अडवू लागले. ग्लेन डॉलचा मालक डंकन मॅकफर्सन याने ‘जॉक्स रोड’च्या वापरावरून, सार्वजनिक वाटांच्या हक्कासाठी झटणाऱ्या ‘स्कॉटिश राइट्स ऑफ वे सोसायटी’ला विरोध केला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि १८८८ मध्ये थेट हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायपीठात, सोसायटीच्या बाजूने निकाल लागला. या खटल्यात नकाशांपेक्षा महत्त्वाची ठरली ती त्या वाटेने पिढ्यान्‌पिढ्या गुरे-मेंढ्या हाकून नेणाऱ्यांची साक्ष, आणि मला तोच या इतिहासाचा सर्वांत बोलका भाग वाटतो.

निकालाने वाट मिळाली, डोंगर नव्हे. वाट सोडून माळावर फिरण्याचा हक्क मिळावा यासाठी खासदार जेम्स ब्राइस यांनी १८८४ मध्ये संसदेत विधेयक मांडले होते. ते पुन्हापुन्हा मांडूनही मंजूर झाले नाही. तो हक्क अखेर स्कॉटलंडच्या २००३ च्या जमीनसुधारणा कायद्याने दिला आणि तो २००५ मध्ये अमलात आला. आज जबाबदारीने वागणाऱ्या कोणालाही बहुतेक जमिनीवर पायी हिंडता येते. मात्र १२ ऑगस्टला ग्राऊसचा हंगाम सुरू झाला की बंदुका चालू असलेला भाग टाळून जाण्याची अपेक्षा चालणाऱ्यांकडून अजूनही असते.