इंग्रजी लेखनातील गोल कंस

वाक्याच्या ओघात मध्येच घातलेला मजकूर वेगळा दाखवणारे जोडचिन्ह. ब्रिटनमध्ये याला राउंड ब्रॅकेट्स किंवा नुसते ब्रॅकेट्स म्हणतात, अमेरिकेत पॅरेन्थिसीस. अमेरिकन संपादक ‘ब्रॅकेट्स’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात चौकटी कंस असतात. पॅरेन्थिसिस हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ ‘शेजारी आत ठेवणे’. आधी तो आत घातलेल्या मजकुराला लावत. चिन्हाला तो नंतर चिकटला.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील विद्वानांच्या हस्तलिखितांत कंस दिसू लागले आणि छपाईबरोबर सोळाव्या शतकात इंग्रजीत रुळले. डच विद्वान इरॅस्मसने (१४६६–१५३६) त्यांना ‘चंद्रकोरी’ या अर्थाचे लॅटिन नाव दिले. याहून चपखल नाव नंतर कोणाला सुचलेले दिसत नाही.

इंग्रजीत आडवाक्य तीन प्रकारे बसवता येते: दोन स्वल्पविरामांत, दोन डॅशमध्ये किंवा कंसात. स्वल्पविरामांतला मजकूर वाक्याच्या पंगतीतच बसतो, डॅशमधला हात वर करून बोलतो. कंसातला मात्र आवाज उतरवतो. संस्कृत नाटकातले पात्र हाताचा आडोसा करून एकालाच काही सांगते, त्या जनांतिकाची आठवण यावी असा हा प्रकार. पण उतरलेला आवाज नेहमीच किरकोळ गोष्टीसाठी नसतो. नाबोकोव्हच्या ‘लोलिता’ (१९५५) कादंबरीचा निवेदक आपल्या आईचा अपघाती मृत्यू कंसातल्या दोन शब्दांत उरकतो, सहल आणि वीज. त्या घाईतच तो माणूस कळतो.

व्याकरणाच्या दृष्टीने कंसातला मजकूर नसल्यासारखाच धरतात; तो उचलून काढला तरी बाकीचे वाक्य धड उभे राहिले पाहिजे. म्हणून ‘माझा भाऊ (आणि त्याचे मित्र)’ असा कर्ता असला तरी इंग्रजी क्रियापद एकवचनीच राहते. मराठी कानाला हे खटकते, आणि इंग्रजी लिहिताना आपली चूक हमखास इथे होते. उघडणाऱ्या कंसाआधी सहसा स्वल्पविराम येत नाही. लागलाच तर तो बंद कंसानंतर. स्वतंत्र वाक्य अख्खे कंसात असेल तर पूर्णविराम आत, वाक्याचा तुकडा असेल तर बाहेर. कंसात कंस आला तर अमेरिकन शिरस्ता आतला चौकटी करण्याचा. ब्रिटिश छपाईत गोलात गोलही चालतो. अशी वेळ आली की वाक्य मोडून दोन करावीत, हे उत्तम.

मराठीत विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून आली. मेजर थॉमस कँडी यांचा त्यात मोठा वाटा. कंस मात्र मराठी माणसाला आधी भेटतो तो गणिताच्या तासाला, ‘कंचेभागुबेव’मधला पहिला ‘कं’ म्हणून. पुढे नाटकाच्या संहितेत (विंगेत जातो) आणि पावतीवर (अक्षरी रुपये पाचशे फक्त).

१९८२ मध्ये अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फाहलमन यांनी संगणकी संदेशांत अपूर्णविराम (:), आडवी रेघ आणि बंद कंस यांचा हसरा चेहरा सुचवला. कंसातले वाक्य त्या चेहऱ्यावर संपले की पेच पडतो: शेवटचा कंस ओठांचा की वाक्याचा? एकच ठेवला तर वाक्य उघडे राहते, दोन दिले तर हसू विचित्र दिसते.