कोंबडीचा कोरोना वेगळा, माणसाचा वेगळा

कोंबड्यांच्या लसीच्या बाटलीवर ‘कोरोना’ हा शब्द आधीपासूनच छापलेला असतो, म्हणजे 2019 चा रोग चिकनमधूनच आला, हा समज कोल्हापुरात अजूनही ऐकू येतो. 2020 च्या सुरुवातीला याच अफवेने चिकनचे दर कोसळले आणि हातकणंगले, शिरोळकडच्या पोल्ट्रीवाल्यांचे हकनाक नुकसान झाले, म्हणून हा खुलासा.

बाटलीवरचा शब्द खरा आहे, अर्थ मात्र चुकीचा काढला जातो. पिल्लाच्या डोळ्यात थेंब टाकून किंवा पिण्याच्या पाण्यातून दिली जाणारी ही लस ‘इन्फेक्शस ब्रॉन्कायटिस’ या कोंबड्यांच्या श्वसनरोगावरची असते. त्या रोगाची नोंद अमेरिकेत 1931 मध्येच झाली होती. ‘कोरोना’ हे एका विषाणूचे नाव नसून 1968 मध्ये एका संपूर्ण गटाला दिलेले नाव आहे, आणि त्या गटात कोंबडीचा विषाणू गॅमा शाखेतला, तर 2002 चा सार्स, 2012 चा मर्स (हे दोन्ही माणसाचे गंभीर श्वसनरोग) आणि कोविड यांचे विषाणू बीटा शाखेतले आहेत. माणसाच्या साध्या सर्दीचे काही विषाणूही याच गटातले. कोंबडीचा हा विषाणू माणसाला आजारी पाडत नाही. कोविड पसरला तो माणसाच्या श्वासातून माणसाकडे. शिजवलेल्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातून नव्हे.