इंग्लंडमध्ये मेटल डिटेक्टरनं परदेशी नाणं सापडलं तर: ओळख, नोंद आणि कागदपत्रं

सगळ्यात आधी एक विनंती, नाणं घासू नका. तांब्याची भांडी चिंच लावून लखलखीत करायची आपली सवय इथं घात करते. नाण्यावरच्या हिरवट-काळ्या थरातच बऱ्याचदा अक्षरं टिकून असतात, आणि थर गेला की अक्षरंही जातात. सुटी माती झटका, बाकीची तशीच राहू द्या.

इंग्लंड आणि वेल्समध्ये डिटेक्टर वापरायला परवाना लागत नाही. जमीनमालकाची परवानगी मात्र हवीच, आणि ती लेखी घ्या. सर्वसाधारण सापडलेली वस्तू कायद्यानं मालकाची असते, त्यामुळे वाटणीचं काय ते त्याच कागदावर आधी ठरवून टाका. संरक्षित पुरातन स्थळावर विनासंमती डिटेक्टर वापरणं १९७९ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे.

नाणं सापडलेली जागा तिथेच उभं राहून टिपा. नकाशावरचा ग्रिड संदर्भ (चौकटींवरून जागा सांगणारा आकडा) किमान सहा अंकी असावा, आठ अंकी असेल तर उत्तम. जागा माहीत नसलेलं नाणं इतिहासाला जवळजवळ मुकं असतं, म्हणून मी यावर इतका अडून बसतो. घरी आल्यावर वजन, व्यास आणि तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंचे फोटो, एवढं तयार ठेवा.

ओळख पटवताना राणी-राजा दिसत नाही म्हणून नाणं बाजूला टाकू नका. १५ व्या शतकात व्हेनिसच्या गलबतांबरोबर ‘सोल्दिनो’ हे चिमुकलं चांदीचं नाणं इंग्लंडात आलं आणि बंदी असूनही अर्ध्या पेनीसारखं चाललं. एका बाजूला निशाण धरलेला डोजे (व्हेनिसचा प्रमुख), दुसरीकडे संत मार्कचा पंखांचा सिंह. (त्याच व्हेनिसच्या सोन्याच्या डुकॅटला आपल्याकडे ‘पुतळी’ म्हणत.) न्यूरेम्बर्गचे पितळी जेटनही खूप सापडतात, पण ती नाणी नव्हेत, हिशेबाच्या सोंगट्या आहेत. आणि १८०८ सालचं, फारसी अक्षरांचं तांब्याचं नाणं दिसलं तर ते मद्रास इलाख्यासाठी इंग्लंडमध्येच पाडलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं ‘कॅश’ असू शकतं. ही नाणी घेऊन निघालेलं ‘ॲडमिरल गार्डनर’ जहाज १८०९ मध्ये केंटजवळच्या गुडविन सँड्सवर बुडालं. बुडालेल्या जहाजातली वस्तू किनाऱ्यावर मिळाली, तर ती २८ दिवसांत ‘रिसीव्हर ऑफ रेक’ या अधिकाऱ्याला कळवावी लागते.

जमिनीतल्या नाण्यासाठी तुमच्या काउंटीच्या फाइंड्स लायझन ऑफिसरशी संपर्क साधा. हे अधिकारी पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचे, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेचे. नाणं ओळखून, नोंदवून ते परत देतात, आणि पैसे घेत नाहीत.

‘ट्रेझर’, म्हणजे कायद्याच्या भाषेत खजिना, ठरण्याची अट वेगळी आहे. सुटं एकच नाणं, सोन्याचं असलं तरी, सहसा त्यात बसत नाही. १९९६ च्या कायद्यानुसार एकाच साठ्यातली ३०० वर्षांहून जुनी दोन किंवा अधिक नाणी, ज्यांत सोनं वा चांदी किमान १० टक्के आहे, ती ट्रेझर. सोनं-चांदी त्याहून कमी असेल तर निदान दहा नाणी लागतात. नाण्याला कडी लावून दागिना केला असेल तर नाणं म्हणून नव्हे, वस्तू म्हणून विचार होतो, तेव्हा भोक दिसलं की अधिकाऱ्याला आवर्जून सांगा. ट्रेझर वाटलं की १४ दिवसांत कळवणं बंधनकारक आहे. प्रकरण मग कोरोनर या चौकशी अधिकाऱ्यापुढे जातं. न कळवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संग्रहालयानं ते घेतलं, तर बक्षीस साधारणपणे शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मं-निम्मं वाटलं जातं.

स्कॉटलंडमध्ये हे नियम चालत नाहीत. तिथं सुटं नाणंही ट्रेझर ट्रोव्ह युनिटला कळवावं लागतं.

सुट्टीत भारतात येताना आईला दाखवायला म्हणून नाणं खिशात टाकू नका. ब्रिटनच्या मातीतून निघालेली, ५० वर्षांहून अधिक काळ पुरलेली वस्तू देशाबाहेर न्यायला निर्यात परवाना लागतो, मग किंमत कितीही कमी असो. अर्ज आर्ट्स कौन्सिल इंग्लंडकडे करायचा. त्याला नोंदीचा क्रमांक, फोटो आणि जमीनमालकाचं ते पत्र जोडा.